धरलं ते सोडलं नाही

मुंबई पोलिसांतले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी २६/११ च्या त्या रात्री कुणालाही मारलं नाही. एक गोळीसुद्धा झाडली नाही, कारण झाडायला हातात काही नव्हतंच. लाठी होती. दरवर्षी नोव्हेंबर संपत आला की त्यांचा फोटो मोबाइलवर फिरायला लागतो. मागे तिरंगा, कडेने ज्वाळा, खाली 'शत्रूचा खात्मा करणाऱ्या वाघाला' वगैरे मजकूर. मला दरवेळी वाटतं, या माणसाला हात जोडायचे तर त्याने काय केलं ते तरी नीट सांगा. खात्मा त्यांनी केला नाही. त्यांनी एका माणसाला धरलं, आणि दुसऱ्यांच्या हातात तो नीट सापडेपर्यंत सोडलं नाही. हे काम खात्मा करण्यापेक्षा कितीतरी अवघड, आणि पोलिसाचं खरं काम म्हणाल तर हेच.

त्या रात्रीचा क्रम पुष्कळांना तोंडपाठ आहे, तरी शेवटचा तुकडा सावकाश सांगते, कारण घाईत नेमका तोच निसटतो. २६ नोव्हेंबर २००८. रात्री साडेनऊनंतर अजमल कसाब आणि इस्माईल खान यांनी तेव्हाच्या सीएसटीवर गोळीबार सुरू केला आणि पन्नासहून जास्त माणसं तिथेच गेली. रेल्वे पोलिसांतले निरीक्षक शशांक शिंदे तिथेच धारातीर्थी पडले. मग हे दोघे कामा हॉस्पिटलमध्ये शिरले, तिथे पोलीस अधिकारी सदानंद दाते जखमी झाले. मग रंगभवनची ती गल्ली, जिथे हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एका क्वालिसमध्ये मारले गेले. त्याच गाडीच्या मागच्या भागात, गतप्राण सहकाऱ्यांच्या अंगाखाली, अरुण जाधव नावाचे शिपाई जखमी अवस्थेत निपचित पडून होते. अतिरेकी तीच गाडी घेऊन निघाले आणि पुढे ती सोडून गेले, तेव्हा जाधवांनी वायरलेसवरून कंट्रोलला खबर दिली. तोवर दोघांनी वाटेत एक चंदेरी स्कोडा पळवली होती आणि मरीन ड्राइव्हचा रस्ता धरला होता.

गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची नाकाबंदी लागलेली होती. मध्यरात्र उलटून गेलेली. समोरून स्कोडा आली आणि बॅरिकेडच्या अलीकडे काही अंतरावर थांबली. दिवे डोळ्यांवर येतील असे पूर्ण पेटवलेले, काचेवर पाण्याची फवारणी आणि वायपर चालू, म्हणजे आत कोण बसलंय ते दिसू नये. दिवे बंद करा, हात वर करून बाहेर या, असं पोलीस ओरडत राहिले. चालवणाऱ्या इस्माईलने गाडी वळवून परत फिरायचा प्रयत्न केला, ती दुभाजकावर चढली आणि अडकली. गोळीबार झाला, त्यात इस्माईल गेला. डावीकडच्या दाराने कसाब बाहेर पडला. क्षणभर वाटलं, शरण येतोय. मग त्याची एके-४७ वर आली, आणि सगळ्यांत पुढे असलेल्या ओंबळ्यांनी तिची नळी धरली.

नळी. दस्ता नाही, मनगट नाही. नळी धरायची म्हणजे तोंड आपल्याच अंगावर घ्यायचं. बंदूक कशी चालते ते ओंबळ्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, पोलिसात येण्याआधी ते सैन्यात होते, सिग्नल कोअरमध्ये. नळी धरली की गोळ्या कुठे जाणार हे माहीत असलेला हा माणूस होता. कसाबने घोडा दाबून धरला आणि गोळ्या ओंबळ्यांच्या अंगात शिरत राहिल्या. मागच्यांकडे त्या गेल्या नाहीत. सहायक निरीक्षक संजय गोविलकर यांना मात्र त्या झटापटीत गोळी लागली. तेवढ्या वेळात बाकीचे कसाबवर तुटून पडले.

इथे थांबते, कारण पुढचं कुणीच सांगत नाही.

त्या पोलिसांनी नुकताच आपला माणूस डोळ्यांदेखत चाळण होताना पाहिला होता. वायरलेसवर तासाभरापूर्वी काय ऐकलं असेल त्याची कल्पना करा. हातात लाठ्या होत्या, आणि एक-दोघांकडे ती पिस्तुलंही होती ज्यांनी इस्माईल टिपला होता. रात्र होती. समोर खाली पडलेला माणूस तोच होता ज्याने अख्ख्या शहरात रक्ताचा सडा घातला होता. आणखी एक गोळी झाडली असती तर या देशात त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नसता. उलट हार घातले असते. त्यांनी त्याला लाठ्यांनी बेशुद्ध पडेपर्यंत हाणलं, हे खरं, पण गोळी घातली नाही. त्याला मारू नका, असं गोविलकरांनी बजावल्याचं नंतर नोंदलं गेलं. मग त्यांनी त्याला गाडीत घातलं आणि नायर हॉस्पिटलला नेलं. उपचारासाठी.

मला राहून राहून या हातांचं नवल वाटतं. ओंबळ्यांचे हात तर आहेतच, पण ते खाली पडल्यावर ज्यांनी स्वतःला आवरलं त्यांचेही.

कसाब जिवंत सापडला म्हणून काय झालं, याचा हिशेब आपण आता विसरत चाललो आहोत. हल्ल्याला आलेल्या दहाही अतिरेक्यांकडे भारतीय नावांची बनावट ओळखपत्रं दिलेली होती. दहाच्या दहा प्रेतंच हाती लागली असती, तर ती ओळखपत्रं घेऊन लोक काय काय बोलले असते, कोणकोणत्या वस्त्यांकडे बोटं दाखवली गेली असती, याचा विचार करूनही अंगावर काटा येतो. पाकिस्तान आधी सरळ नाकबूल झालं होतं. पण कसाब बोलत होता, आपलं गाव सांगत होता, फरीदकोट, जिल्हा ओकारा. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्राणी यांनी तो पाकिस्तानी असल्याचं कबूल केलं, आणि पंतप्रधानांना न विचारता बोलल्याबद्दल त्यांची खुर्ची गेली. एका सहायक फौजदाराने गिरगावात धरलेली नळी अशी इस्लामाबादपर्यंत पोचली.

मग खटला. रमेश महाले यांच्याकडे तपास होता. अकरा हजारांहून जास्त पानांचं आरोपपत्र, आर्थर रोड तुरुंगातच उभारलेलं विशेष न्यायालय, न्यायाधीश ताहिलियानी, सरकारी वकील उज्ज्वल निकम. कसाबलाही वकील दिला. ३ मे २०१० रोजी तो दोषी ठरला, ६ मे रोजी फाशी सुनावली गेली. हायकोर्ट झालं, सर्वोच्च न्यायालय झालं, दयेचा अर्ज झाला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी येरवड्याला फाशी झाली. पकडल्यापासून चार वर्षांना जेमतेम आठवडा कमी. आपल्याकडे जमिनीच्या वाटणीचा दावासुद्धा इतक्यात निकाली निघत नाही.

त्या चार वर्षांत आपण सगळे किती कुरकुरलो होतो! कशाला पोसताय, भर चौकात लटकवा, बिर्याणी खाऊ घालताय का त्याला. ती बिर्याणी तर म्हणीसारखी झाली होती. २०१५ मध्ये निकमांनीच सांगून टाकलं की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती, ती गोष्ट त्यांनी स्वतः रचली होती. त्याच्याबद्दल लोकांत सहानुभूती तयार होतेय असं वाटलं म्हणून. मला तो खुलासा वाचून निकमांचा राग आला तो आलाच, त्याहून जास्त चीड या गोष्टीची आली की आम्ही ती बिर्याणी किती चवीने चघळली होती.

त्या निकालातली आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. कसाबबरोबर फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्यावरचा पुरावा न्यायालयाला पटला नाही, ते या खटल्यातून सुटले. वरच्या न्यायालयांनीही ते कायम ठेवलं. एवढा मोठा हल्ला, एवढा संताप, आणि तरी पुरावा तोलून एकाला फाशी आणि दोघांना सुटका. ओंबळ्यांनी जे धरून दिलं होतं ते इथवर आलं. आरोपी कोर्टासमोर जिवंत उभा राहिला, म्हणून कोर्टाला कोर्टासारखं वागता आलं.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवते. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. आमच्या सोसायटीतही कुणीतरी जिलेबी आणली होती, मीही एक उचलली असेल, आठवत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष आपले नागपूरचे न्यायमूर्ती विकास सिरपूरकर होते, ती चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, तेव्हाही पेढे वाटले गेले, 'बदला पुरा' असे फलक लागले. नव्वदीतल्या मुंबईत तर चकमकींचे आकडे एखाद्या फलंदाजाच्या धावांसारखे छापून यायचे. या सगळ्यात एक गोष्ट सरळ दिसते. आपल्याला पोलीस आवडतो तो मारणारा. धरणारा आपल्याला कंटाळवाणा वाटतो. आणि मग आपल्यातला सगळ्यांत मोठा धरणारा माणूस आपण मारणाऱ्यांच्या पोस्टरवर चिकटवतो.

धरणं म्हणजे काय, हे मला नानामामाने शिकवलं. आईचा चुलत भाऊ, गाव पाटण तालुक्यातलं, मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागला आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाला. नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची खोली होती. एकशे साठ चौरस फूट, त्यात मामा, मामी, तीन पोरं आणि भरतीच्या परीक्षेला आलेला गावाकडचा कुणी ना कुणी. मामाचा युनिफॉर्म खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याला आम्ही हात लावलेला मामीला खपायचं नाही.

त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, दातांच्या खुणा होत्या. दादरच्या फूलबाजारात पहाटे एका पोराने बाईची चेन खेचली. मामाने त्याला फुलांच्या टोपल्यांतून पळताना धरला. तो चावला, मामाने सोडला नाही. इथपर्यंत गोष्ट रंगवून सांगायची, तर मामा म्हणायचा, "अगं ते काय घेऊन बसलीस, खरा ताप पुढंच." पुढे म्हणजे, जमाव गोळा झाला. फूलवाले, हमाल, गिऱ्हाइकं, सगळ्यांनाच त्या पोराला एकेक हाणायचा होता. मामा त्याला भिंतीला लावून स्वतः त्याच्यापुढे उभा राहिला, आणि पाठीत, खांद्यात पडले ते दोन-चार रट्टे त्यालाच पडले. चेनवाली बाईसुद्धा ओरडत होती, साहेब, तुम्ही त्याला का वाचवताय? मग ठाण्यात आणायचं, स्टेशन डायरीत नोंद, मेडिकल, पंच शोधायचे (पहाटे पंच व्हायला कोण तयार होतो!), पंचनामा, मुद्देमाल जमा, फिर्याद लिहून घ्यायची, मग रिमांडला कोर्टात उभं करायचं. घरी परतायला रात्र झाली. कित्येक महिन्यांनी केस बोर्डावर आली तेव्हा बाई कोर्टात आलीच नाही. पोरगा सुटला.

"मग चिडला नाहीस?" मी विचारलं होतं.

"चिडून काय करू? माझं काम त्याला कोर्टात न्यायचं. नेलं."

पुढे पेन्शन घेऊन गावी गेल्यावर मामा एकदा म्हणाला की नोकरीत एकच गोष्ट कठीण, राग आलेला असताना हात किती जोरात आवळायचा हे कळणं. सगळ्यांना ते कळतं असं नाही, हे त्यानेच सांगितलं. आणि ते मीही सांगितलं पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता आरतीचा व्हायचा. कोठडीतल्या मृत्यूंच्या सरकारी यादीत महाराष्ट्राचं नाव अनेकदा पार वर असतं. फिर्याद नोंदवायला गेलेल्या बाईला तासन्‌तास बाकड्यावर बसवून ठेवणारी ठाणी आहेत, साध्या दाखल्यासाठी चहापाणी मागणारे आहेत. पोलिसांवरचा सगळा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच खात्यात, त्याच पगारात, त्याच खाकीत नळी धरणारा माणूसही तयार होतो, आणि तो कसा होतो हे समजून घ्यायला मला पोलिसांची भाबडी भक्ती करायची गरज वाटत नाही.

ओंबळे मूळचे केडंब्याचे. साताऱ्याहून मेढ्याकडे आणि तिथून आत डोंगरात गेलं की जावळी तालुक्यात हे गाव आहे. सगळा मुलूख उंच-सखल, भात आणि नाचणीचा, चंद्रराव मोऱ्यांच्या जावळीचा. सातारा जिल्ह्यातल्या पोरांपुढे पूर्वापार दोन-तीनच वाटा असायच्या. एक सैन्याची, एक मुंबईच्या गिरणीची आणि एक पोलिसाची. अपशिंग्यासारखं गाव तर घरटी एक सैनिक म्हणून ओळखलं जातं. ओंबळे आधी सैन्यात गेले, तिथली नोकरी पुरी करून मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागले. म्हणजे माणसाने बंदूक चालवायची नोकरी आधी केली आणि लाठीची नंतर. वयाच्या ज्या टप्प्यावर लोक गावी परतून अंगणात खाट टाकतात, त्या वयात हा माणूस मुंबईत रात्रपाळीच्या नाकाबंदीवर उभा होता. घरी पत्नी आणि चार मुली. २६ जानेवारी २००९ रोजी राजपथावर अशोक चक्र दिलं गेलं, ते घ्यायला पत्नी गेल्या होत्या. तेव्हा राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील होत्या.

सैनिक आणि पोलीस यांची तुलना आपण फार सैल करतो. सैनिकाचं काम संपतं तिथे पोलिसाचं नुसतं सुरू होतं. सैनिकापुढे शत्रू असतो. पोलिसापुढे असतो तो आरोपी, आणि आरोपी म्हणजे कायद्याने अजून दोषी नसलेला माणूस, मग त्याच्या हातात एके-४७ का असेना. एकाच आयुष्यात या दोन्ही नोकऱ्या केलेल्या ओंबळ्यांनी शेवटच्या क्षणी दुसरी निवडली असं म्हणायचा मोह मला होतो, पण त्या क्षणी निवडायला वेळ कुठला. हाताला जे वळण लागलेलं असतं तेच हात करतो.

चौपाटीबद्दलही थोडं. जिथे ती स्कोडा अडकली तिथूनच अनंत चतुर्दशीला मुंबईचे मोठे गणपती समुद्रात जातात. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या पोलिसाकडे कधी नीट बघा. सकाळी लागलेला बंदोबस्त दुसऱ्या दिवशी लालबागचा राजा पाण्यात उतरेपर्यंत उठत नाही. गुलालाने खाकी शर्ट गुलाबी झालेला, पायात बूट ओले, कुणाचं हरवलेलं पोर कडेवर, आणि कानाशी ढोल. त्यातल्या कित्येकांच्या घरी स्वतःचा गणपती असतो, त्याचं विसर्जन मेव्हणा नाहीतर शेजारी करतो. त्याच चौपाटीवर आता ओंबळ्यांचा पुतळा आहे. तिकडे जाणारी पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. (आणखी एक स्मारक फार कमी लोकांना माहीत आहे. ठाणे परिसरात सापडलेल्या, जाळं न विणता उडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या एका कोळ्याच्या नव्या जातीला संशोधकांनी २०२१ मध्ये त्यांचं नाव दिलं, इसियस तुकारामी. अशोक चक्रापेक्षा हे मला जास्त जवळचं वाटतं, का ते सांगता येत नाही.)

पण ओंबळ्यांसारखं मरण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणजे ज्याची गोष्ट सांगता येईल असं. वाहतूक पोलीस विलास शिंदे, हेही साताऱ्याकडचेच, वाई तालुक्यातले. ऑगस्ट २०१६ मध्ये खारला एका पेट्रोल पंपाजवळ त्यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाला हटकलं, गाडीची चावी काढून घेतली. मुलाने भावाला बोलावून घेतलं. डोक्यात लाकडी फटका बसला आणि आठवड्याभराने, ३१ ऑगस्टला, शिंदे गेले. ना अतिरेकी, ना एके-४७, ना देशाचा शत्रू. एक स्कूटर, एक चावी आणि एक हेल्मेट. शिंद्यांनीही काय केलं? धरलं. मुलाच्याच जिवासाठी असलेला नियम त्याला पाळायला लावला. आपल्यापैकी किती जणांनी अशा चौकातल्या मामाला "बघून घेतो तुला" म्हटलंय, "साहेबांना फोन लावू का" म्हटलंय! ती वाक्यं आणि तो फटका यांच्यात अंतर आहे, पण रस्ता एकच आहे असं मला वाटतं.

२१ ऑक्टोबरला पोलीस हुतात्म्यांची आठवण करतात. १९५९ मध्ये याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जण मारले गेले, तेव्हापासूनचा हा दिवस. दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८ मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं, तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या ३४ हजारांहून जास्त पोलिसांची नावं आहेत. मुंबईत त्या दिवशी नायगावच्या मैदानावर संचलन होतं आणि वर्षभरात देशात जे गेले त्यांची नावं वाचली जातात. नानामामाबरोबर मी लहानपणी ते पाहिलं आहे. नुसती नावं, हुद्दा आणि राज्य. ऐकताना आधी लक्ष लागतं, मग पाय दुखायला लागतात, मग उन्हाचा राग येतो, आणि यादी तरीही चालूच असते.

महाराष्ट्रातली बरीच नावं गडचिरोलीहून येतात. नक्षल्यांच्या हल्ल्यांमुळे २००९ हे साल तिथल्या पोलिसांसाठी काळं होतं. फेब्रुवारीत मर्केगाव, मेमध्ये हत्तीगोटा, जिथे पाच महिला पोलीसही गेल्या, ऑक्टोबरमध्ये लाहेरी. पन्नासच्या जवळपास पोलीस त्या एका वर्षात. १ मे २०१९, महाराष्ट्र दिनीच, कुरखेड्याकडे जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने गाडी उडवली, १५ पोलीस आणि खाजगी गाडीचा चालक गेले. सी-६० या नक्षलविरोधी पथकातली बरीच पोरं त्याच जिल्ह्यातली, गोंड-माडिया घरांतली. समोर नक्षल्यांकडेही तीच. आणि याच जिल्ह्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा बडा नेता भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह शरण आला. बंदुका ठेवल्या गेल्या, फोटो निघाले. फोटोत शेजारी उभ्या असलेल्या पोलिसांकडे मी बराच वेळ बघत होते. त्यांच्यातल्या कुणी मर्केगावची किंवा लाहेरीची प्रेतं उचलली असतील का? असतील तर त्या दिवशी त्यांनी शांत उभं राहायला काय केलं असेल? गिरगावच्या त्या रात्रीसारखंच काहीतरी.

बलिदान हा शब्द आपण मरणासाठी राखून ठेवतो, आणि त्यामुळे एक सोय होते. जिवंत पोलिसाचं काय देणं लागतो ते बघायला लागत नाही. शिपायाची ड्युटी बारा तासांची, आणि बंदोबस्त लागला की तिला शेवटच नाही, हे वर्षानुवर्षं कुणाला खटकलंही नाही. ती आठ तासांची करता येईल, असं गणित मांडून वरिष्ठांपुढे ठेवलं ते देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायानेच. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकलं आणि २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू केला, पुढे तो इतर ठाण्यांत नेला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण कागद-पेन्सिल घेऊन बसलेला तो शिपाई कुठल्याच पोस्टरवर नाही. मग मनुष्यबळ कमी म्हणून, करोना म्हणून, निवडणुका म्हणून ते आठ तास पुन्हा ताणले जात राहिले. थकलेल्या माणसाचा हात लवकर उठतो, हे सांगायला आयोग नेमायला नको. चकमकीला टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांनी आठ तासांसाठी कधी एक पत्र लिहिलं असेल?

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं काम आता सुरू आहे. वरळीत काही कुटुंबं नव्या, पाचशे चौरस फुटांच्या घरांत राहायलाही गेली. तिथे राहणाऱ्या पोलीस कुटुंबांना हक्काचं घर कितीला द्यायचं यावर बरीच घासाघीस होऊन आकडा खाली आला, तरी निवृत्त शिपायाला तो हलका नाहीच. नानामामा मात्र ते बघायला राहिला नाही. मामी म्हणते, बरं झालं, नाहीतर लिफ्टमध्ये अडकलो तर काय म्हणून रोज जिन्याने चढला असता.

केडंब्याला ओंबळ्यांचं स्मारक होणार आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये त्यासाठी १३ कोटींहून जास्त निधी मंजूर केला. पुतळा असेल, बाग असेल, दगडावर कोरलेला मजकूर असेल. लिहिणाऱ्यांनी 'खात्मा' हा शब्द तेवढा टाळावा. आणि आत काही मांडायची जागा असली तर ताहिलियानींच्या निकालाची एक प्रत ठेवावी. दीड हजारांहून जास्त पानांची ती आहे, काचेच्या पेटीत सहज मावेल. फाशीचं पान उघडं ठेवायचा मोह होईल. त्याऐवजी दोघांना सोडून दिल्याचं पान उघडं ठेवलं तर गावातल्या, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना जास्त उपयोगाचं होईल. ती पोरं पहाटे त्याच रस्त्याने पळायला जातात, आणि त्यांतली निम्मी पोलिसात लागणार आहेत.